मधला अंक शून्य

अंजिरानं खडू घेतला, बोटांत एकदा फिरवला आणि पुन्हा मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवला.

"मी सोडवणार नाही," ती म्हणाली.

मुख्याध्यापिका नाडगौडा बाईंना वाटलं, पोरीला सांगितलेलं कळलंच नाही. त्यांनी पुन्हा समजावलं. फळ्यावर लिहिलेलं उदाहरण सहामाहीच्या पेपरातलंच आहे, तिनं ते बरोबर सोडवलेलंच आहे, आता आमच्यासमोर एकदा सोडवायचं आणि वर्गात जाऊन बसायचं. त्यासाठी शिपायानं वर्गातला तिपाईचा फळा उचलून ऑफिसात आणला होता. उंबरजे सर खिडकीशी हाताची घडी घालून उभे होते. मी दारापाशी होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, घे ग बाई तो खडू.

"मला येतं," अंजिरा म्हणाली. "पण सोडवणार नाही."

उंबरजे सर माझ्याकडं बघून हसले. त्या हसण्याचा अर्थ मला नीट कळला, कारण ते हसू अंजिरापेक्षा माझ्यासाठीच होतं.

सोलापूरपासून तीन तासांवरच्या तालुक्याच्या गावातली ती मुलींची शाळा. मी तिथं नवी होते. बी.एड. होऊन वर्षभर घरी बसल्यावर ही नेमणूक मिळाली होती, तीही तात्पुरती. कुणाच्या तरी लांबलेल्या रजेच्या जागेवर. काम बघून पुढचं ठरवू, असं संस्थेनं तोंडी सांगितलं होतं. माझ्याकडं नववी ब चं वर्गशिक्षकपद होतं आणि विज्ञान. बीजगणित उंबरजे सरांकडं. गणिताचा माणूस म्हणून त्यांचं गावात नाव होतं. संध्याकाळी त्यांच्या घरी शिकवणी चालायची आणि वर्गातल्या पुढच्या दोन ओळी त्या शिकवणीतल्याच असायच्या.

मागच्या ओळींतल्या मुलींना बीजगणित येत नव्हतं. पहिल्या चाचणीनंतर माझ्या वर्गातल्या सहाजणी रडत होत्या, म्हणून मी त्यांना शाळा भरायच्या आधी प्रयोगशाळेत बोलवायला लागले. सरांना विचारून. ते म्हणाले, करा की, तुम्हालाही सराव होईल.

अंजिरा त्या सहाजणींत नव्हती. ती आपणहून आली. अंजिरा लोखंडे. नदीपलीकडं सुया, दाभण, काळी पोत, बिब्बे विकणाऱ्यांची पालं होती, त्यातल्या एका पालातून ती यायची. आई बाजारांच्या गावी डोक्यावर पाटी घेऊन फिरायची, म्हणून पोरीचं शिक्षण एका ठिकाणी व्हावं यासाठी आजी पालात थांबलेली. वर्गात ती शेवटच्या बाकावर एकटी बसे. तिच्याशी कुणी भांडत नसे. शेजारी येऊन बसतही नसे.

पहिल्या दिवशी मी वयाचं उदाहरण घेतलं होतं. आईचं वय मुलीच्या तिप्पट, बारा वर्षांनी दुप्पट होईल, तर आजची वयं किती. मी म्हटलं, मुलीचं वय एक्स मानू.

अंजिरानं हात वर केला. "मानायचं कशाला? मुलीला विचारायचं."

बाकीच्या हसल्या. मी म्हटलं, समजा मुलीला माहीत नाही.

"मुलीला असतं. आईला नसतं. माझ्या आईला तिचं वय माहीत नाही." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "म्हणजे जे माहीत नाही त्याला नाव द्यायचं, आणि माहीत असल्यासारखं वागायचं. असंच ना?"

मी बी.एड.ला दोन जाडजूड पुस्तकं वाचली होती. बीजगणित म्हणजे काय हे त्यात इतक्या सरळ कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, असंच.

त्यानंतर तिला ते जडलं. मी शिकवायची त्यापेक्षा तीच जास्त विचारायची. दोन अंकी संख्या उलटी लिहिण्याची उदाहरणं घेतली तेव्हा ती घरून भलत्याच आकडेमोडी करून आली. म्हणाली, कुठलीही संख्या उलटी करा, दोघींतला फरक नऊच्याच पाढ्यातला निघतो. मी म्हटलं, का निघतो ते सांग. ती काही दिवस गप्प होती. एका सकाळी आली, सरळ फळ्याकडं गेली, दहा एक्स अधिक वाय लिहिलं, खाली दहा वाय अधिक एक्स लिहिलं, वजाबाकी केली आणि राहिलेल्या नऊभोवती गोल काढला. मग तीन अंकी घेतली. तिथं नव्व्याण्णव निघाले. ती माझ्याकडं बघत राहिली, मी काही तरी केलंय असं. मी काही केलं नव्हतं. फळा मोकळा ठेवला होता, इतकंच.

सहामाहीच्या पेपरात शेवटचं उदाहरण उंबरजे सरांनी मुद्दाम अवघड घातलं. तीन अंकी संख्या, मधला अंक शून्य, अंकांची बेरीज अकरा, संख्या उलटी लिहिली की दोनशे सत्त्याण्णवनं वाढते. शिकवणीतल्या मुलींनी पाठ केलेली दोन अंकांची रीत लावली आणि मधल्या शून्यापाशी सगळ्या अडखळल्या. शलाका कोठारीसुद्धा. शलाका म्हणजे वर्गात कायम पहिली, सरांची लाडकी, आणि खरं सांगायचं तर चांगलीच हुशार मुलगी.

अंजिरानं ते चार ओळींत सोडवलं होतं. उत्तर चारशे सात. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. शलाकाला त्रेचाळीस.

एरवी यावर काही झालं नसतं. पण जिल्ह्याच्या गणित स्पर्धेला दोन मुली पाठवायच्या होत्या आणि त्या सहामाहीच्या मार्कांवर निवडायच्या, हे शाळेनं आधीच जाहीर केलेलं. त्या हिशोबानं पहिलं नाव अंजिराचं येत होतं. सरांनी पेपर मुख्याध्यापिकांपुढं ठेवला आणि म्हणाले, ही नक्कल आहे.

नाडगौडा बाईंनी मला बोलावलं. मी विचारलं, कुणाची नक्कल? वर्गात दुसऱ्या कुणाचंच हे उदाहरण बरोबर नाही.

"तेच म्हणतोय मी," सर शांतपणे म्हणाले. "वर्गातून नाही उतरवलं. उत्तर आधीच माहीत होतं. ही पद्धत मी शिकवलेली नाही, पुस्तकातली नाही. मग आली कुठून? सकाळी प्रयोगशाळेत कोण कुणाला काय देतं, ते मी कसं सांगणार? परीक्षेआधी प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे तिथल्याच कपाटात होते, बाई."

तेव्हा मला कळलं की चोर एक नाही, दोन आहेत. पेपर फोडणारी मी आणि घेणारी अंजिरा. मी म्हटलं, तिला आत्ता बोलवा, फळ्यावर सोडवायला सांगा, दूध का दूध होऊन जाईल. म्हणजे तो फळा ऑफिसात आणायला लावला तो मीच. आणि ती म्हणत होती, मी सोडवणार नाही.

नाडगौडा बाई वाईट नव्हत्या. निवृत्तीला आलेल्या, शाळेत आरडाओरडा नको एवढंच त्यांना हवं असे. त्यांनी विचारलं, "का नाही सोडवणार?"

"शलाकाला बोलावलंय का?" अंजिरानं विचारलं.

"शलाकाचा काय संबंध? तिच्यावर कुणाची शंका नाही."

"मग माझ्यावर का आहे?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. "मी एकदा सोडवलंय, बाई. तुमच्याच वर्गात बसून, तुमच्याच कागदावर. तो कागद तुमच्याकडं आहे."

तिला उद्यापर्यंतची मुदत मिळाली. उद्या सोडवलं नाही तर बीजगणिताचे मार्क रद्द.

व्हरांड्यात मी तिला गाठलं आणि बोलले ते फार गोड बोलले नाही. म्हटलं, तुला कळतंय का, तू गप्प राहिलीस तर मी पेपर फोडला असा अर्थ होतो. माझी नोकरी जाईल. चार ओळी लिहायच्या होत्या. कसला हा ताठा?

ती खाली बघत उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं, पण मान हलली नाही. म्हणाली, "तुमच्यासाठी दुसरं काहीही करीन, बाई."

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी नदीपलीकडं गेले. मी सोलापूरची, विड्या वळणाऱ्या घरात वाढलेली. गरिबीला बुजणारी नव्हते. तरी त्या पालांकडं जाताना माझे पाय जड झाले, कारण मी तिथं पोरीची समजूत काढायला चालले होते आणि खरं तर माझी नोकरी वाचवायला. तिची आई तुळसाबाई नेमकी त्या दिवशी बाजारावरून परतली होती. पाटीतल्या सुयांच्या पुड्या ती फडक्यात गुंडाळत होती. मला बसायला तिनं गोधडी झटकून अंथरली. मी सगळं सांगितलं. अंजिरा चुलीशी बसून ऐकत होती.

तुळसाबाई लेकीकडं वळली. "दावून टाक की ग. काय जातंय तुझं? बाईंच्या पोटावर पाय नको यायला."

"न्हाई दावणार."

"येतंय न्हवं तुला?"

"येतंय."

"मग?"

अंजिरानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "आये, मोहोळच्या बाजारात त्या बाईची बोरमाळ गेली, तवा काय झालं?"

तुळसाबाईचे हात थांबले.

"तुला पाटी रिकामी करायला लावली," अंजिरा म्हणाली. "तू केलीस. लुगड्याचा ओचासुदीक झटकून दावलास. काय निघालं न्हाई. मग त्यांनी सोडलं, आन् तू म्हणालीस, सुटले बाई. फुडल्या बाजारी कुणाचं तरी पाकीट गेलं. तवा पुन्हा तुझीच पाटी. का? तर ही दावती. दावायची हिला सवय हाय. आजवर किती येळा दावलीस? एकदा तरी कुणी म्हणालं, हिची न्हाई बघायची, ही चोर न्हाई?"

तुळसाबाईच्या पुड्या तशाच मांडीवर.

मग अंजिरा माझ्याकडं वळली आणि शाळेतल्या भाषेत बोलायला लागली, जपून, एकेक शब्द. "मी उद्या फळ्यावर सोडवलं, तर सर म्हणतील, बरं, आलं हिला. पण वार्षिकला पुन्हा बोलवतील. दहावीला पुन्हा. मला दरवेळी दोनदा सोडवावं लागेल, बाई. बाकीच्यांना एकदा."

मी गणित शिकवायला गेले होते म्हणा किंवा समजूत काढायला. त्या पोरीपुढं मला दोन्ही जमलं नाही. मी चहा घेतला आणि उठले. निघताना तुळसाबाईनं विचारलं, आता हिचं काय करणार? मी म्हटलं, हिचं काही करायचं नाही. मला काय करायचं ते बघते.

दुसऱ्या दिवशी मी अंजिराला वर्गातच बसवलं आणि एकटी ऑफिसात गेले. फळा अजून तिथंच होता, उदाहरण तसंच.

मी म्हटलं, लोखंडे येणार नाही. तुम्हाला शंका असेल तर सगळ्या वर्गाची फेरपरीक्षा घ्या. पेपर बाहेरच्या शाळेतल्या कुणाकडून तरी काढून घ्या. शलाका बसेल, सरांच्या शिकवणीतल्या सगळ्याजणी बसतील, त्यांच्यात लोखंडे बसेल. तिनं एकटीनं द्यायची परीक्षा मी होऊ देणार नाही.

उंबरजे सर पहिल्यांदा चिडलेले दिसले. सगळ्या वर्गाची कशासाठी? पालक काय म्हणतील? चांगल्या घरच्या मुलींवर अविश्वास दाखवायचा?

"चांगल्या घरच्या म्हणजे कुठल्या, सर?" मी विचारलं.

नाडगौडा बाईंनी हात वर करून आम्हा दोघांना थांबवलं. थोडा वेळ त्या टेबलावरची काच पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, फेरपरीक्षा नको. स्पर्धेला शलाका आणि दुसरी एक मुलगी जाईल. लोखंडेच्या बीजगणितापुढं शून्य लिहा. एवढ्यावर मिटवू, बाहेर बोभाटा नको.

"प्रगतिपुस्तकं मी भरते," मी म्हटलं. "मी अठ्ठेचाळीस लिहिणार."

"म्याकल बाई, तुमची नेमणूक तात्पुरती आहे," नाडगौडा बाई मला म्हणाल्या.

"हो. मार्क तात्पुरते नाहीत."

हे वाक्य मी कसं बोलले, मला आजही कळत नाही. बोलताना टेबलाची कड घट्ट धरली होती. मी त्या दुपारी स्टाफरूममध्ये बसून सगळ्यांची प्रगतिपुस्तकं भरली, लोखंडे अंजिराच्या पानावर अठ्ठेचाळीस लिहिले आणि सह्यांना पाठवली. वाटलं होतं, सही न होता परत येतील. तशी आली नाहीत. बाईंनी सही केली होती. पण स्पर्धेला मात्र शलाकाच गेली, दुसऱ्या एका मुलीला घेऊन.

सकाळच्या तासांना प्रयोगशाळेची किल्ली त्या दिवसापासून मिळेनाशी झाली. आम्ही शाळेमागच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसू लागलो. फळा नव्हता, सिमेंटच्या कट्ट्यावर कोळशानं लिहायचो. सहाजणींतल्या दोघी घरच्यांनी सांगितलं म्हणून यायच्या थांबल्या. पुढं त्यांच्याऐवजी तीन नव्या आल्या.

मार्चमध्ये मला कळलं की जूनपासून माझी गरज नाही. रजेवरच्या बाई परत येणार होत्या. त्या कधी आल्या नाहीत, ती गोष्ट वेगळी.

वार्षिक परीक्षेत बीजगणिताच्या पेपरला नववी ब वर पर्यवेक्षण माझं होतं. मी वर्गात शिरले तर उंबरजे सर आधीच तिथं. त्यांनी शिपायाकडून एक बाक वेगळा काढून फळ्यासमोर, टेबलाला लागून ठेवला होता. बाकावर खडूनं अंजिराचा आसन क्रमांक. बाकी सगळ्या मुली आपापल्या ओळीत आणि ती एकटी टेबलापाशी.

"ही काय व्यवस्था, सर?" मी विचारलं.

"खबरदारी," ते म्हणाले. "मुख्याध्यापिकांना विचारलंय." विचारलं होतं की नाही, देव जाणे.

मुली आत आल्या. अंजिरा शेवटी आली. तिनं स्वतःची नेहमीची जागा शोधली, तिथं मोकळी फरशी होती. मग तिला तो समोरचा बाक दिसला. मी तोंड उघडणार होते. मला काढून टाकलेलंच होतं, आता कुणाला भ्यायचं? पण तिच्याकडं बघितलं आणि थांबले. हे तिचं होतं.

तिनं दप्तर खाली ठेवलं, कंपास ठेवला. बाकाजवळ गेली, एक टोक धरलं आणि मागच्या ओळीकडं ओढायला लागली. शाळेचे जुने सागवानी बाक, एकटीला उचलत नसत. फरशीवर त्याचा करकर आवाज सगळ्या मजल्यावर गेला असेल. दोन हात ओढला, थांबली, पुन्हा ओढला.

"लोखंडे," सर म्हणाले. "बाक जागेवर ठेव."

"जागेवरच नेतेय, सर."

ती पुन्हा वाकली. तेवढ्यात पहिल्या ओळीतून कुणीतरी उठलं. शलाका. तिनं पेन बाकावर ठेवलं, सरांकडं न बघता त्यांच्या अंगावरून गेली आणि बाकाचं दुसरं टोक उचललं. दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत. वर्षभरात कधी बोललेल्या मला तरी आठवत नाहीत. ओळींच्या मधून त्यांनी तो बाक मागं नेला, मुलींनी पाय आत घेऊन वाट दिली, आणि ज्या मोकळ्या फरशीवर तो होता तिथं ठेवला. शलाका जागेवर जाऊन बसली. अंजिरानं दप्तर आणलं.

सर माझ्याकडं बघत होते. मी काही तरी करावं अशी त्यांची अपेक्षा होती.

मी पेपर वाटायला घेतले. मागच्या ओळीपासून.

सर पेपर सुटेपर्यंत तिच्या बाकाशेजारी उभे राहिले. तिनं हात आडवा धरून पेपर झाकला नाही, की मुद्दाम त्यांना दिसेल असा उघडाही ठेवला नाही. जशी लिहायची तशी लिहीत राहिली.

निकालाच्या दिवशी बीजगणितात शलाका पहिली आली आणि अंजिरा दोन मार्कांनी दुसरी. मी माझं सामान बांधायला खोलीवर गेले होते. ती तिथं धापा टाकत आली. मला वाटलं पाया पडायला आली. तिच्या कपाळावर आठ्या होत्या.

"बाई, माझे दोन मार्क कुठं गेले?"

मी म्हटलं, मला कसं माहीत, पेपर सरांनी तपासलेत. जाऊ दे, दुसरी आलीस.

"जाऊ कसं दे? मला बघायचंय. चला."

सरांच्या घरी शिकवणी सुरू होती. दारात चपलांचा ढीग. ती त्यातून वाट काढत उंबऱ्यापर्यंत गेली आणि आतल्या सगळ्या मुलींसमोर म्हणाली, "सर, माझा पेपर दाखवा. दोन मार्क कुठं कापले ते मला बघायचंय."

सर उठले, कपाट उघडलं, गठ्ठा सोडला, तिचा पेपर काढून तिच्या हातात दिला. ती उंबऱ्यातच उभी राहून पानं उलटत गेली. तिसऱ्या पानावर थांबली. कंसाबाहेर उणे होतं आणि कंस सोडवताना तिनं आतलं एक चिन्ह बदललं नव्हतं. तिथं सरांनी लाल गोल केला होता.

तिनं ते पुन्हा एकदा वाचलं. बोटानं ओळ धरून खालपर्यंत आली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "चूक माझीच आहे."

पेपर तिनं सरांच्या हातात परत दिला, चपला शोधल्या आणि माझ्याआधी रस्त्याला लागली.